मंडळाला लेखी आचारसंहिता हवी की नको?

धरमपेठकर: आमच्या वस्तीतल्या उत्सव मंडळात मंडपाच्या कंत्राटावरून जुंपली आहे. काम सचिवांच्या साळ्याला गेलं, दरपत्रक एकच मागवलं होतं. विचारलं तर म्हणे, "घरचाच माणूस आहे, काऊन शंका घेता?" मंडप चांगलाच झाला, पण वर्गणी लोकांची आहे. म्हणून मी लेखी आचारसंहिता मांडतो आहे. नातेवाइकाचा विषय आला की पदाधिकाऱ्यानं आधी सांगायचं आणि निर्णयाच्या वेळी उठून बाहेर जायचं. तुमचं मत?

महालवासी: साफ विरोध. रात्री दोनला मंडपात पहारा देणारी पोरं नियम वाचून येत नाहीत, जिव्हाळ्यानं येतात. राज्य सरकारी नोकरांना 1979 चे वर्तणूक नियम आहेत, तरी लाचेचे सापळे लागतातच ना? लबाड माणूस बिनदिक्कत सही करतो. मन दुखतं ते प्रामाणिकाचं.

इंदोऱ्याची लेक: 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखोंना 22 प्रतिज्ञा दिल्या. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही. हा काय त्या लोकांवरचा अविश्वास होता? माझ्या आजीनं त्या प्रतिज्ञांच्या बळावर घरातल्या मोठ्यांची दारू बंद केली, कारण शब्द त्यांनीच चारचौघांत दिला होता. शब्द जाहीर असला की लहान माणसालाही मोठ्याला टोकता येतं. दादा, मन दुखण्याचं म्हणता, तर प्रश्न विचारणाऱ्याचं मन कोण बघतो?

मिहानची शिफ्ट: ताई, पटलं, पण नुसत्या शब्दानं भागत नाही. आमच्या कंपनीची आचारसंहिता भिंतीवर लटकली आहे. उशीर झाला की ट्रेनीला मेमो; साहेब शिवी देतात, तर तक्रार साहेबांकडेच करायची! याउलट लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा बघा. 10 किंवा जास्त कर्मचारी असले की अंतर्गत समिती लागते, अध्यक्ष वरिष्ठ महिला, एक सदस्य बाहेरचा, चौकशी 90 दिवसांत. कोण ऐकणार, किती दिवसांत, हे त्यात लिहिलेलं आहे. तुमच्या मसुद्यात ते कुठे आहे?

धरमपेठकर: नाही, ते घालतो. बाहेरचा सदस्य म्हणून शेजारच्या मंडळातले एखादे ज्येष्ठ चालतील?

महालवासी: गल्लीतलं भांडण बाहेर कशाला नेऊन राहिले? जमा-खर्च दर आठवड्याला फळ्यावर लावा, त्याला माझी ना नाही. बाहेरच्या माणसाच्या कलमाविरुद्ध मात्र सभेत हात वर करणार.