वाळूवरचे पक्षी कॅमेऱ्यात टिपायला पोटावर झोपावं का?

शापोराकाठ: माझं मत ठाम आहे. चिखल्या, तुतवार, सुरय हे उभ्याने टिपूच नयेत. चिखल्या जेमतेम मुठीएवढा. पाच फुटांवरून लेन्स रोखली की हाती येते त्याची पाठ आणि मागची सपाट वाळू. गोव्यात मोरजीला शापोरा नदीच्या मुखाशी पोटावर झोपा, लेन्स वाळूपासून वीतभर वर ठेवा. पक्ष्याचा डोळा आपल्या डोळ्यासमोर येतो, मागचं सगळं दूर जाऊन विरघळतं. ४०० मिमी लेन्सने एफ ५.६ एवढ्या बेताच्या छिद्रावरही हे साधतं. शिवाय आडव्या माणसाला पाखरं कमी भितात.

सड्यावरची: शेवटचं वाक्य मला मुळीच मान्य नाही. माणूस एका जागी पडून राहिला तर कमी भितात. किनाऱ्यावर मात्र कोपरांवर सरपटत थव्यामागे जाणारेच जास्त दिसतात. भरतीला चरायची जागा पाण्याखाली जाते, तेव्हा हे पक्षी उरलेल्या कोरड्या पट्टीवर दाटीने विसावा घेतात, आणि नेमके तेव्हाच आपण पोचतो. हे छोटे चिखल्या तिबेट-मध्य आशियाकडून येतात, वसंतात तितकंच अंतर परत कापायचं असतं. त्यासाठी साठवलेली चरबी आपल्यामुळे घेतलेल्या प्रत्येक भरारीत जळते. तीच सवय लोक सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, आणतात. तिथे टिटवी उघड्यावर अंडी घालते, ती दगडांत इतकी मिसळतात की सरपटणाऱ्याच्या कोपराखाली येईपर्यंत कळणार नाहीत. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा अंड्या-घरट्यांना धक्का लावणं शिकारीतच मोजतो, हेही ध्यानात असू द्या.

करमळीकर: तळ्यावर हा नियम चालतच नाही हो. करमळीला खाली बसलात की समोर नुसती पानं आणि गवत. कमळपक्ष्याची लांब बोटं पानावर कशी पसरतात ते बांधावरूनच दिसतं. मला ती बोटं डोळ्याइतकीच मोलाची वाटतात. आणि ऊन चढलं की जमिनीलगतची हवा थरथरते, झोपून काढलेला फोटो आधी बिघडतो.

शापोराकाठ: तळ्याचं मान्य, मी वाळूबद्दलच बोलतोय. सड्यावरची, तुमचा राग सरपटण्यावर आहे, कोनावर नाही. भरती चढू लागण्याआधीच जाऊन पडायचं आणि हलायचं नाही. पाणी वर सरकतं तसे पक्षी आपणहून जवळ येतात. थवा मान ताठ करून एका दिशेला चालू लागला, म्हणजे बिचकला, तर कॅमेरा खाली. मी असंच करतो आणि नवख्यांनाही हेच शिकवतो.

सड्यावरची: तुम्ही करता, पटलं. पण तुमचा फोटो पाहणाऱ्याला कोन दिसतो, पडून राहिलेला वेळ दिसत नाही. तो दुसऱ्या दिवशी सरपटतच जातो. मग फोटोखाली भरतीची वेळ आणि किती थांबलात ते का लिहीत नाही? आणि मोरजीच्या तेंबवाड्याला कासवांच्या अंडी घालायच्या हंगामात वाळूच्या वरच्या भागात कुणीच आडवं पडू नये, कितीही अनुभवी असो. तिथे मी तडजोड करणार नाही.

शापोराकाठ: कासवांच्या जागेबद्दल वादच नाही. फोटोखाली वेळ आजपासून लिहितो. पण उभ्याने काढलेला चिखल्या मला तुम्ही चांगला म्हणायला लावू शकणार नाही.