४५ अंशांच्या नागपुरात ४५० वॅटचं कार्ड: पंखे वाढवू नका, वीज कमी करा

धंतोलीचा_उकाडा (धागाकर्ता)
मंडळी, बाहेर ४५ आणि माझ्या खोलीत ३७. घरच्या कॉम्प्युटरात आरटीएक्स ४०९० हे गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात हे कार्ड बाजारात आलं तेव्हापासून त्याची भूक ठरलेली, ४५० वॅट. खाल्लेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीतच पडतो. म्हणजे गेम खेळताना पायाशी इस्त्री लावून बसल्यासारखंच.

कॅबिनेटला आणखी तीन पंखे लावा की पाण्याचं कूलिंग बसवा, कार्ड खोलीच्या हवेपेक्षा थंड होणार नाही. उष्णता इथून उचलून तिथे टाकणं, एवढंच ते करतात. म्हणून माझं म्हणणं, मुळात उष्णता कमी तयार करा. आफ्टरबर्नर (कार्डाची सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) उघडा, कंट्रोल आणि एफ दाबा, व्होल्टेजचा वक्र दिसेल. तो ०.९५ व्होल्टला २६०० मेगाहर्ट्झवर सपाट करा. व्होल्टेज कमी केलं की वीज वर्गाच्या हिशेबाने उतरते, वेग मात्र थोडासाच जातो. माझं कार्ड ४२० वरून ३२० वॅटवर आलं आणि तापमान ८१ वरून ७१ वर. जिथे सेकंदाला १०० फ्रेम मिळत होत्या तिथे ९६ मिळतात. चार फ्रेम मी नागपूरच्या उन्हाला दान केल्या.

पिंपरीचा_फुल_लोड
दान तुमचं, पैसे तुमचे. पण दीड लाखाच्या वर मोजून आणलेली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चालवायची हा सल्ला इतरांना देऊ नका. या चिपची मर्यादा ९० आहे. ८१ हा ताप नव्हे, अंग कोमट आहे.

दुसरं, सगळ्या चिपा सारख्या निघत नाहीत. तुमचाच आकडा मी लावून पाहिला. बेंचमार्क (वेगाची चाचणी) आरामात पार पडला आणि दोन तासांनी गेम थेट डेस्कटॉपवर येऊन आपटला. सोपा उपाय आहे, एसी. दीड टनाचा एसी तासाला पाच हजार वॅटच्या आसपास उष्णता बाहेर फेकतो, त्यात तुमच्या इस्त्रीचे ४५० म्हणजे किस झाड की पत्ती.

धंतोलीचा_उकाडा
भाऊ, वॅटला ‘तासाला’ लावत नाहीत. आणि आमच्या घरात एसी एकच, तो आईच्या खोलीत. माझ्याकडे कूलर आहे.

वर्ध्याचा_वाळा
मग चिंता काऊन करता? आपल्याकडची हवा कोरडी असते, ताट्या चांगल्या भिजल्या की खोली आठ-दहा अंशांनी उतरते. खोली जेवढी उतरली, कार्डही जवळपास तेवढंच उतरतं. मी कॅबिनेटचं झाकण काढतो आणि कूलरचं तोंड तिकडेच करून ठेवतो. तीन उन्हाळे झाले, काही बिघडलं नाही.

जुना_सोल्डर
वाळेभाऊ, तुमच्यासारख्यांवरच आमचं दुकान चालतं. कूलर खोलीत असू द्या, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. ताट्यांमागून बारीक तुषार येतात, त्यात आपली धूळ मिसळली की हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये लगदा बसतो. ब्लोअर मारला तरी तो निघत नाही, ब्रशने खरवडावा लागतो. झाकण काढल्याने दोन-चार अंश सुटतात खरे, पण तसं होत असेल तर तुमच्या कॅबिनेटला समोरून हवाच मिळत नाही हा त्याचा अर्थ. जाळी असलेलं कॅबिनेट घ्या.

आता वरच्या दोघांसाठी. तुम्ही भांडताय तो कोअरचा, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपचा आकडा आहे. दुकानात गरम होऊन येणाऱ्या कार्डांत कोअर बहुतेकदा ठीक असतो. आधीच्या पिढीच्या ३०९० कार्डाचं उदाहरण घ्या. मेमरीच्या २४ चिपा, त्यातल्या १२ पाठीमागच्या बाजूला, जिथे पंख्याचा वारा पोचतच नाही. मालक म्हणतो कोअर ६८, सगळं छान आहे. इकडे मेमरी ११० ला टेकून स्वतःचा वेग पाडत बसलेली. कोअरचं व्होल्टेज कमी केलं तरी मेमरीचं होत नाही. एकाच हीटसिंकवरचा भार घटला म्हणून तिला जरा दिलासा मिळतो, इतकंच. थर्मल पॅड (मेमरी आणि हीटसिंक यांच्यामधल्या मऊ पट्ट्या) वाळले असतील तर ते बदलणं हाच इलाज.

तेही जपून. एक जण मूळ १ मिलिमीटरच्या जागी दीडचे पॅड लावून आला होता. जाड म्हणजे चांगले असं त्याला वाटलं. मेमरी गार झाली, पण हीटसिंक कोअरवरून उचलला गेला आणि हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात गरम जागा, १०५.

हॉटस्पॉट आणि कोअर यांच्यात १२-१५ चा फरक चालतो. २५-३० दिसला तर चिप आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट कडेला सरकली समजा. मी आता पेस्टऐवजी फेज-चेंजची पट्टी लावतो. ती ४५ च्या आसपास मऊ होऊन चिपवर पसरते आणि पेस्टसारखी बाहेर सरकत नाही.

पाच_हजार_नव्वद
काका, माझ्या नव्या ५०९० कार्डावर हॉटस्पॉटचा आकडाच दिसत नाही. आणि भूक ५७५ वॅट. आम्ही काय बघायचं?

जुना_सोल्डर
मेमरी बघा. आणि विजेचं बिल.

पिंपरीचा_फुल_लोड
‘तासाला’ची चूक मान्य. सोल्डरकाकांचं ऐकून मेमरी पाहिली, ९२ आहे. व्होल्टेज ०.९७५ ठेवून पुन्हा लावलं, काल चार तास काही पडलं नाही. फॅनचा आवाज बराच उतरला. तरी एसी चालूच होता, आणि माझं मत तेच आहे.

धंतोलीचा_उकाडा
माझ्या मेमरीचं तापमान ९८ दाखवतंय. रविवारी कार्ड उघडून पॅड बदलू का?

जुना_सोल्डर
९८ ला उघडायचं काही कारण नाही. आधी बिल शोधा, वॉरंटी कधी संपते ते बघा. काही कंपन्या स्क्रूवर स्टिकर लावतात, तो फाटला की वाद सुरू. तोवर पंखे काढून वरवरची धूळ झाडायच्याही फंदात पडू नका, ब्लोअर पुरे. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर गरगर फिरून बेअरिंग जाईल.

धंतोलीचा_उकाडा
बिल आईच्या खोलीतल्या कपाटात आहे. शोधायला गेलो की तासभर तरी बाहेर यायचं मन होणार नाही.