दाखवणारं कुणीतरी

पुण्यात गाणं, नाटक, चित्रं यांची वानवा नाही. ऐकायला-बघायला कुणी शिकवलं असं विचारलं की बहुतेक जण गुरूंचं किंवा घरातल्या मोठ्यांचं नाव घेतात. मला मात्र वेगळ्या माणसांबद्दल विचारायचंय. शेजारी बसलेली, रांगेत पुढे उभी असलेली, ज्यांचं नाव-गावही विचारायचं राहून गेलं अशी माणसं. त्यांनी जाता जाता काहीतरी दाखवलं आणि ते कायमचं आपलं झालं. असं कुणी भेटलं असेल तर सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पं. भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केलेला शास्त्रीय संगीताचा महोत्सव आमच्याकडे नुसता 'सवाई' म्हणून ओळखला जातो. मी जायला लागले तेव्हा तो रमणबागेच्या मैदानावर व्हायचा. भारतीय बैठकीत माझ्या शेजारी एक काकू विणकाम घेऊन बसल्या होत्या. विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल चालला होता आणि मी द्रुत, म्हणजे जलद गाणं, कधी सुरू होतंय याची वाट बघत होते. काकूंनी सुया खाली ठेवल्या, माझ्या गुडघ्यावर बोटाने ठेका धरला आणि हळूच म्हणाल्या, "आता सम कशी येते ती बघ." सम म्हणजे तालाच्या प्रत्येक आवर्तनाची पहिली मात्रा. गायक आलाप लांबवत होते, आवर्तन संपत आलं होतं, मला वाटलं आता काही हे वेळेवर पोचत नाहीत. आणि पोचले. त्या क्षणी आसपासच्या सगळ्या माना एकदम हलल्या. इतकी माणसं एकाच जागेची वाट बघत होती हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. तेव्हापासून मला विलंबितच जास्त आवडतं.

सदाशिव पेठेतून, निवृत्त शिक्षिका

राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी शाळेच्या सहली पुष्कळ नेल्या. दिनकर केळकरांनी जमवलेल्या २०,००० हून जास्त वस्तूंच्या या संग्रहाला लहानपणीच गेलेल्या त्यांच्या राजा या मुलाचं नाव आहे. मस्तानी महालापाशी मुलं रेंगाळायची, पण दिवे, अडकित्ते, करंडे यांच्यासमोरून भराभर पुढे जायची. एकदा तिथे खेड्यातून आलेल्या एक आजी भेटल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी. वज्रीच्या कपाटापुढे त्या थबकल्या आणि हसायलाच लागल्या. माझ्या विद्यार्थिनींना काही कळेना. मग आजींनी चप्पल काढून स्वतःची टाच दाखवली, वज्री कशी धरायची, कशी घासायची ते हात फिरवून दाखवलं. "आमची साधी खरबरीत होती बाई. हिच्यावर बघा, पाखरू बसवलंय!"

मुली काचेला चिकटल्या. टाचेचा मळ काढायच्या वस्तूवर कुणी पाखरू का घडवावं? न्हाणीघरात ते बघणार कोण? आजी म्हणाल्या, "जी घासते ती बघते की." पुढची वीस-पंचवीस मिनिटं आमची सहल त्याच चालवत होत्या. दिव्यात तेल कुठून घालायचं, वात कशी सारायची, सगळं सांगितलं. मी वर्गात कलेबद्दल पुष्कळ बोलले आहे, पण ती घडवणाऱ्या आणि वापरणाऱ्या माणसाबद्दल इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नाही.

कर्वेनगर

माझं थोडक्यात. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, भरत नाट्य मंदिर. आमच्या कॉलेजची एकांकिका आधी झाली होती, नंतर दुसऱ्या कॉलेजची बघत होतो. 'आव्वाज कुणाचा' म्हणून घसा बसलेला. शेजारचा मुलगा आरोळ्यांमध्ये नव्हताच, तो एकटक वर दिव्यांकडे बघत होता. मला म्हणाला, "तिचं वाक्य संपल्यावर प्रकाश किती उशिरा जातोय बघ. तेवढ्यात आपल्याला रडू येतं." मी आज प्रकाशयोजना करतो.

मूळचा परभणीचा, आता हडपसर

माझा अनुभव उलटा आहे, तरी लिहितो. पुण्यात शिकायला आलो त्या वर्षी एका मैफलीत एक तान इतकी आवडली की तोंडून मोठ्याने "वा!" गेलं. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं की मध्यंतरात मी उठून गेलो. बरीच वर्षं पुन्हा अशा ठिकाणी पाऊल टाकलं नाही. आमच्याकडे भारूड रंगलं की समोरच्यांनी बोलायचंच असतं, गप्प बसलं तर म्हाताऱ्यांना वाटतं पोरांना काही पोचलं नाही. गाणं समजतं कुणाला आणि नाही कुणाला, हे पाठमोऱ्या खुर्चीतून ठरवणारी माणसं या शहरात आहेत. त्यांच्यामुळे किती जण दारातूनच परत जात असतील.

(हे लिहिलंत ते फार बरं केलंत. दाद कशी द्यावी याचा हा दरारा मीही पाहिला आहे आणि तो मला अजिबात मान्य नाही. गाणाऱ्याला ती "वा" हवीच असते.)

नाना पेठ

पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा आमच्या पेठेत निवडुंग्या विठोबापाशी तुकोबांची पालखी असते. भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात माउलींची. वाड्याच्या ओसरीवर दरवर्षी वारकरी उतरतात. आई भाकऱ्या करते, आम्ही पाणी तापवून देतो. एका वर्षी एक मृदंगवाले बाबा पाय शेकत बसले होते आणि माझा मुलगा पिठाचा रिकामा डबा बडवत होता. मी त्याला गप्प करायला गेले तर बाबांनीच मला थांबवलं. डबा जवळ घेतला, एका बाजूला ओल्या कणकेचा गोळा थापला आणि म्हणाले, "आता वाजव." आवाज एकदम खाली उतरला, भरीव झाला. मृदंगाच्या धुमेलाही, म्हणजे डाव्या तोंडालाही, अशीच कणीक लावतात, हे मला तेव्हा कळलं. मग बाबांनी त्याला भजनी ठेका बोलून दाखवला, पोराने म्हटला, पुन्हा म्हटला. रात्री दिंडीतले सगळे झोपले तरी ओसरीवर दोघांचं हळू आवाजात चालूच होतं.

पहाटे पालखी हलली. मुलगा आता पखवाज शिकतो. कणीक अजून मीच मळून देते, फार सैल झाली की चिडतो.