सात वर्षांच्या मुलीला 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' दाखवावी का? (गाडी तिसऱ्या भागावर अडली आहे)

निशिगंधा_७

नमस्कार मंडळी,

लेक सात वर्षांची. सुट्टीत तिचा बारा वर्षांचा मावसभाऊ राहायला आला आणि त्याने तिला ही मालिका लावून दिली. मी म्हटलं, कार्टून आहे, तेवढीच शांतता. पहिले दोन भाग मजेत गेले. सहा पायांचा उडणारा गवा तिला इतका आवडला की दिवसभर सोफ्याच्या हातावर बसून लगाम ओढणं चाललं होतं.

तिसऱ्या भागात गडबड झाली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: आंग नावाचा बारा वर्षांचा मुलगा शंभर वर्षं हिमनगात गोठून पडलेला असतो. जागा होऊन आपल्या मठात परत जातो तर तिथे कोणीच उरलेलं नाही. त्याला वाढवणाऱ्या गुरूंचा, ग्यात्सोंचा, सांगाडा तेवढा सापडतो. लेक तेव्हा रडली नाही. नेहमीसारखे दात घासले, आणि दिवा बंद केल्यावर विचारलं, "आई, तो खूप झोपला म्हणून सगळे मेले ना? मी जास्त झोपले तर?"

याला चार रात्री झाल्या. मध्येच उठते, येऊन माझ्या नाकासमोर हात धरून बघते आणि परत जाते.

वयाचा शिक्का म्हणतो सात वर्षं आणि पुढे, म्हणजे आम्ही बसतो त्यात. नवरा म्हणतो बंद करून टाक. भाचा म्हणतो, "मावशी, पुढे खूप भारी आहे गं." आणि लेकीला पुढचं बघायचंच आहे, हे सगळ्यात अवघड. एकूण ६१ भाग, प्रत्येकी साधारण २३ मिनिटं. सगळं आधी मी बघायचं तर जवळजवळ साडेतेवीस तास होतात. मारामारी किती आहे हे मला नकोय. दुःख किती आणि कशा तऱ्हेचं आहे हे कसं जोखायचं, ते सांगा.

झुळूक

एवढं काय त्यात? आपण लहानपणी राक्षसाचं पोट फाडून माणसं बाहेर काढलेल्या गोष्टी ऐकत झोपलो. काही झालं नाही.

निशिगंधा_७

काही झालं नाही असं आता म्हणतो हो आपण. मी अकरा वर्षांची होईपर्यंत पलंगाखाली वाकून बघितल्याशिवाय झोपत नव्हते.

रिमोटधारी_बाबा

ताई, मी ही मालिका दोन मुलांबरोबर पूर्ण बघितली आहे. तेव्हा थोरला नऊचा आणि धाकटी सहाची होती. एक जुनी डायरी रिकामी पडली होती, तिच्यात भागाचा क्रमांक आणि मुलांनी विचारलेला प्रश्न एवढंच लिहायचो. आता चाळतोय तर माझी भीती एकीकडे आणि त्यांचे प्रश्न भलतीकडेच, असं जागोजागी दिसतंय.

आधी शिक्क्याचं. तो चुकीचा नाही, दुसऱ्याच गोष्टीचा आहे. अमेरिकेत टीव्हीसाठी १९९७ पासून जी वर्गवारी आहे तिच्यात या मालिकेला 'वाय-७' आहे आणि सोबत 'एफव्ही', म्हणजे काल्पनिक हाणामारी. हाणामारीला अक्षर आहे. आई गेली, बापाने घराबाहेर काढलं, जनावर हरवलं, याला अक्षर नाही. ते आपलं आपणच वाचायचं.

मी काय वाचतो ते सांगतो. वाईट घडल्यावर त्या मुलाजवळ कोण येऊन बसतं, आणि भाग संपायला तेव्हा किती वेळ उरलेला असतो. बस. तुमचा तिसरा भाग परत लावून बघा. सांगाडा दिसतो, आंगचा तोल जातो, वादळ उठतं. मग कटारा, म्हणजे त्याला हिमनगातून बाहेर काढणारी मैत्रीण, वाऱ्याला तोंड देत त्याच्यापर्यंत पोचते. 'रडू नकोस' म्हणत नाही. 'माझीही आई अशीच गेली, आता आम्हीच तुझ्या घरचे' अशा अर्थाचं बोलते, हात धरते आणि वादळ उतरतं. म्हणजे दुःख उघडं टाकून भाग संपत नाही. तुमच्या लेकीपर्यंत हा अर्धा भाग पोचलाच नसावा. माझ्या धाकटीलाही सांगाड्यानंतरचं काही आठवत नव्हतं. उशीत तोंड होतं ना.

त्याच भागात अजून एक जागा आहे, ती मुलांसाठी कमी आणि आपल्यासाठी जास्त. मठात शत्रूच्या सैनिकाचं शिरस्त्राण सापडतं. आंगला कळू नये म्हणून कटारा त्याच्यावर बर्फ ढकलून ते झाकते. तिचा भाऊ म्हणतो, किती दिवस लपवशील. मला तिथे हसूच आलं, कारण त्या क्षणी माझा अंगठा रिमोटवर 'पुढे ढकल'च्या बटणावर होता.

आता पुढचं. पहिल्या पर्वाच्या १२व्या भागात, 'द स्टॉर्म'मध्ये, आंगच्या मागावर असलेल्या शत्रूच्या राजपुत्राच्या, झुकोच्या, चेहऱ्यावरचा डाग कसा पडला ते कळतं. तेरा वर्षांच्या मुलाला त्याचा बाप भरसभेत भाजतो. भाजताना दाखवत नाहीत. बघणाऱ्यांचे चेहरे दिसतात, काका नजर फिरवतो, बहीण हसते, किंकाळी ऐकू येते. धाकटीला काहीच वाटलं नाही. "त्याचे बाबा रागावले होते का?" एवढं विचारून उठून गेली. थोरला मात्र गप्प. त्या संध्याकाळी गणित चुकलं म्हणून मी आवाज चढवला (माझा चढतो, सवय वाईट आहे) आणि पोरगा खुर्चीसकट मागे सरकला. मारलं कधीच नाही मी त्याला. पण डायरीत त्या दिवसापुढे प्रश्न लिहिलेला नाही, नुसती रेघ आहे.

उलट त्याच पर्वाच्या २०व्या, शेवटच्या भागातला कोह नावाचा आत्मा. गोमेसारखं लांबलचक शरीर, आणि समोरच्याने चेहऱ्यावर भाव आणला की तो चेहराच चोरतो. थोरल्याला भारी वाटला. धाकटी आठवडाभर आरशात बघेना. कडेवर घेऊन आरशासमोर दोघांनी वेडीवाकडी तोंडं केली तेव्हा मिटलं. (चेहऱ्यावर भावना आणलीस तर चेहरा जाईल, हे घरोघरी मुलग्यांना वेगळ्या शब्दांत सांगतातच म्हणा.) तुमच्या लेकीसाठी हा भाग आणि तिसऱ्या पर्वाचा ८वा, 'द पपेटमास्टर', तूर्त बाजूला ठेवा. त्यात दुसऱ्याचं शरीर त्याच्या मनाविरुद्ध हलवणं आहे, आणि करणारी दिसायला प्रेमळ म्हातारी. ते मलाही झेपलं नाही.

सगळ्यात जास्त रडू आलं ते माणसांपायी नव्हे, 'आपा'पायी, म्हणजे तोच तुमचा उडणारा गवा. दुसऱ्या पर्वात १०व्या भागात तो पळवला जातो आणि आंगला परत भेटतो थेट १७व्या भागात. मधला १६वा संपूर्ण त्याच्या बाजूने आहे, सर्कशीत त्याचे हाल होतात ते दाखवलेत. रोज एक भाग असा आमचा नियम होता. म्हणजे आठवडाभर घरात सुतक. तिसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं, "सतराव्या भागात सापडतो." धाकटीने बोटं मोजली, सोळा, सतरा, आणि मग निवांत बघितलं. रहस्य फुटलं म्हणून थोरला माझ्यावर चिडला तो अजून चिडलेलाच आहे. पण सहा-सात वर्षांच्या पोराला शेवट माहीत असण्याचा आधार वाटतो. माहीत असलेलीच गोष्ट रोज रात्री सांगायला लावतात, ती उगाच नाही.

साडेतेवीस तास काढू नका. तिच्या एक भाग पुढे राहा, पुरतं.

फळा_खडू

मी पहिली-दुसरीला शिकवते. बाबांनी घरात जे पाहिलं ते संशोधनातही आहे. जोअ‍ॅन कँटर यांनी मुलं आणि पडद्यावरची भीती यावर बरीच वर्षं काम केलं. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलं 'कसं दिसतं' याला घाबरतात, त्यानंतर 'असं होऊ शकतं' याला. म्हणून धाकटीला कोह आणि थोरल्याला बाप. निशिगंधाताई, तुमची लेक नेमकी उंबरठ्यावर आहे, सांगाडा बघून घाबरली पण प्रश्न विचारला तो मोठ्या मुलांचा. लहानांना समजावून फारसा फरक पडत नाही असंही त्या कामात दिसतं. जवळ घेणं, काहीतरी हाताने करणं याने पडतो. "ते खोटं असतं" हे वाक्य तर विसराच. तिला खोटं आहे हे माहीत असतं, झोपेची भीती खरी असते.

दुसरं, मालिकेचा 'संदेश चांगला आहे' यावर फार विसंबू नका. २००८ साली मारेस आणि अकोस्टा यांनी बालवर्गातल्या मुलांना एक कार्टून दाखवलं. त्यात तीन पायांच्या कुत्र्याला बाकीचे कुत्रे आधी घाबरतात, मग स्वीकारतात. वेगळेपणाला स्वीकारा, हा बोध. बऱ्याच मुलांनी काय घेतलं? तीन पायांच्या कुत्र्यांशी नीट वागावं. हसू नका, वर्गात मी हे रोज बघते. आम्ही मोठे शेवटच्या दोन मिनिटांतला समेट लक्षात ठेवतो, मुलं आधीची वीस मिनिटं.

मी भागानंतर "काय शिकलीस?" असं कधी विचारत नाही. ते परीक्षेसारखं होतं आणि मुलं आपल्याला हवं तेच उत्तर देतात. "तू दिग्दर्शक असतीस तर कुठे थांबवलं असतंस?" असं विचारते. मग खरं बाहेर येतं.

सावली_दुपारची

थोडा वेगळा सूर लावते. आम्ही जोखण्याच्या नादात एकदा चूक केली आहे.

माझे वडील गेले त्या वर्षी भाचा नऊ वर्षांचा होता. त्याच्यासमोर कोणी रडायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलेलं. काही महिन्यांनी तो माझ्याकडे ही मालिका बघत होता. दुसऱ्या पर्वाचा १५वा भाग, छोट्या छोट्या गोष्टींचा. त्यात झुकोचा आयरो काका दिवसभर बाजारात फिरतो, रडणाऱ्या पोराला गाणं म्हणून हसवतो, एका चोराला धीर देतो. संध्याकाळी एकटा टेकडीवरच्या झाडाखाली युद्धात गेलेल्या मुलाचं चित्र ठेवतो आणि तेच गाणं म्हणायला लागतो. आवाज फुटतो. मी धावत जाऊन टीव्ही बंद केला.

भाचा इतका चिडला की उशी फेकली. "तो रडत होता ना, मला बघायचं होतं!" मग लावलं परत. शेवटी पाटी येते, तो भाग माको या अभिनेत्याला अर्पण केलेला आहे. आयरोचा आवाज त्यांचा होता आणि ते २००६ साली गेले. भाच्याला हे समजावून सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे ते सगळे खरंच रडत असतील." आणि मग, इकडे तिकडे न बघता, "तू आजोबांसाठी कुठे जाऊन रडतेस?"

मी गच्चीवर जायचे. सांगितलं त्याला.

तेव्हा बाबा, पुढचं आधी सांगून टाका हे सहा वर्षांच्या मुलीला ठीक. नऊच्या मुलाच्या हातून क्षण काढून घेऊ नये. थोरला अजून चिडलाय ते रास्तच आहे.

रिमोटधारी_बाबा

मान्य. थोरल्याला वाचून दाखवलं. "बघा" म्हणाला आणि गेला.

निशिगंधा_७

सगळ्यांचे आभार. कळवते काय केलं ते.

रविवारी सकाळी, भरपूर उजेडात, तिसरा भाग परत लावला. रिमोट तिच्या हातात दिला. नवरा पेपर वाचत असल्याचं दाखवत शेजारी बसला. सांगाड्याच्या आधीच तिने थांबवलं, उठून पाणी प्यायली, येऊन माझ्या मांडीवर बसली आणि स्वतःच चालू केलं. परत थांबवलं. मी मनात मरणावरच्या प्रश्नांची तयारी केलेली. तिने विचारलं, "हाडांवरून त्याला कसं कळलं की हे तेच?"

"गळ्यातल्या माळेवरून," नवरा पेपरामागून म्हणाला.

तिने जवळ जाऊन माळ बघितली. मग माझ्या गळ्यात काय आहे ते बघितलं. मग पुढे बघितलं, कटारा येते तिथपर्यंत, आणि ते तेवढंच दोनदा मागे घेऊन परत लावलं. फळा_खडू यांचा प्रश्न विचारला तर म्हणाली, "मी थांबवलंच नसतं, पण त्यांच्या माकडाला आधी आणलं असतं." (माकड नाही, लेमूर आहे ते. भाच्याने फोनवरून लगेच दुरुस्त केलं.)

झोपेचं अजून पूर्ण गेलेलं नाही. पण त्या रात्री तिनेच तोडगा काढला: "मी झोपले की तू शंभरपर्यंत मोज, आणि शंभर झाले की मला हाक मार. म्हणजे कळेल."

पहिल्या रात्री नव्वदपर्यंत टक्क जागी होती. काल चाळिसाला घोरायला लागली. शंभरला हाक मारली मी, हळूच. कबूल केलं होतं ना.