'द पॉयझन' वाजवायचंय, पण ड्रॉप सीला तार खरखरते

विश्रामबागचा_पोरगा
राम राम मंडळी. गॅदरिंगला आम्ही बुलेट फॉर माय व्हॅलेंटाइन या मेटल बँडच्या 'द पॉयझन' या पहिल्या अल्बममधलं 'टिअर्स डोन्ट फॉल' घेतलंय. ते ड्रॉप सीला आहे, म्हणजे सगळ्या तारा उतरवून जाड तार सी ला लावायची. गिटार साधी, ब्रिज फिक्स, तारा ९-४२ (बारीक ते जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). सुरुवातीचा क्लीन तुकडा बरा निघतो. पण डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा इफेक्ट) टाकून रिफ, म्हणजे तो परत परत येणारा तुकडा, धरला की जाड तार नुसती लोळते आणि फ्रेटच्या पट्टीवर आपटते. दुकानदार म्हणतो पेडल बदल, नाहीतर सात तारांची गिटार घे. घरचे आधीच या आरडाओरड्याला कावलेत, पैसे एकदाच मागता येतील. काय घेऊ?

मिरजेची_खुंटी
पेडल अजिबात घेऊ नकोस भावा. आमच्या घरात तानपुरे होतात, तारेचं गणित लहानपणापासून कानावर पडलंय.

जाड तार ई वरून सी ला उतरवलीस, म्हणजे ८२ हर्ट्झवरून ६५ वर. ताण उतरतो तो हर्ट्झच्या वर्गाच्या हिशेबानं, त्यामुळे तिच्यात जेमतेम ६३ टक्के उरला. बाकीच्या पाच तारा दोन-दोन फ्रेट खाली, त्यांच्यात ७९ टक्क्यांच्या आसपास. ९-४२ मुळातच बारीक, त्यात हे. लोळणार नाही तर काय करणार बिचारी.

११-५४ चा सेट घाल. आत्तापेक्षा बराच कडक लागेल, पण या रिफला तेच पाहिजे. मात्र नुसत्या तारा बदलून भागत नाही. ४२ साठी कोरलेल्या नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाचेत ५४ ची तार बसत नाही, वरच अडकते आणि सूर टिकत नाही. खाच रुंद करायची, खोल नाही. खोल गेली की मोकळी तार पहिल्याच फ्रेटवर खरखरणार. मग मानेचा बाक बघून ट्रस रॉड (मानेच्या आतली बाक सांभाळणारी सळई) फिरवायचा, आणि शेवटी बाराव्या फ्रेटवर सूर तपासायचा. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तारेचा टेकू, मागे घ्यायचं.

तानपुऱ्यात आम्ही घोडी घासून मुद्दाम झणकार काढतो, ती जवारी. तोच झणकार डिस्टॉर्शनमधून गेला की चिखल. आमच्या वडिलांनी एकदा माझं वाजवणं ऐकून विचारलं, "ह्याची जवारी बिघडलीय का रे?" या अल्बममधली त्यांना फक्त सुरुवात आवडते, फिनलंडच्या अपोकॅलिप्टिकाचे चेलो आहेत ना तिथं, म्हणून.

आणि गेन (डिस्टॉर्शन किती चढवायचं ते बटण) कमी ठेव. रेकॉर्डवर एकच रिफ पुन्हा पुन्हा वाजवून डावी-उजवीकडे थर लावलेले असतात, त्यानं आवाज भरतो. एकट्या गिटारवर गेन वाढवून तो येत नाही. उजव्या तळव्याची कड ब्रिजला लागून कुठं टेकते तिकडं लक्ष दे.

जुना_मेटलवाला
मेटलकोर (मेटल आणि हार्डकोर पंकची मिसळ) ऐकायचं तर किलस्विच एंगेज बँडचा २००० चा पहिला अल्बम ऐका. 'द पॉयझन'मध्ये निम्मं तर आयर्न मेडन आहे, ते जोडीनं वाजणारे सोलो बघा की.

मिरजेची_खुंटी
काका, प्रश्न तारेचा आहे.

अजिंक्यतारा_ड्रम्स
साताऱ्यातून एका ड्रमवाल्याचंही ऐका. २००५ च्या या रेकॉर्डचा प्रोड्यूसर कॉलिन रिचर्डसन, कारकास आणि मशीन हेड या मेटल बँडची रेकॉर्डं केलेला माणूस. गिटार जिथं थांबते तिथंच बास ड्रम थांबतो, मधे काही सांडत नाही. तुमचा ड्रमर डबल पेडलवर जरा जरी मागं पडला तर ११-५४ काय, गाडीची केबल लावली तरी उपयोग नाही. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) लावून निम्म्या वेगानं बसवा. दुसरं, गाणारा आणि ओरडणारा वेगळे ठेवा. आमच्याकडं एकच पोरगं दोन्ही करत होतं, शेवटच्या कोरसला घसा बसला. गाणं पाच मिनिटांच्या वर आहे, गॅदरिंगवाल्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर सोलोला पडदा पाडतील.

बाकी मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, आता ड्रॉप सीचं पण बघा कुणीतरी 😄

विश्रामबागचा_पोरगा
दादा, तारा मागवल्या. ड्रमर हा धागा वाचून रुसलाय. नटसाठी कानस कुठली घेऊ?

मिरजेची_खुंटी
कानस घेऊ नकोस, पहिल्याच हाताला नट वाया घालवशील. गिटार घेऊन मिरजेला ये, दुपारनंतर. सकाळी तार चढवायचं काम चालू असतं, घरात बोलायची सोय नसते. जुन्या तारा तशाच राहू देत, काढून आणू नकोस. आधी आहे तशी मान किती वाकलीय ते बघायचंय. आणि ॲम्प आणू नकोस.