शिक्षा भोगून झाल्यावर मतदानासाठी थकबाकीची अट असावी का?

मूळ मत

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये सुमारे ६४.५ टक्के मतांनी त्या राज्याच्या घटनेतील ‘दुरुस्ती क्रमांक ४’ मंजूर केली आणि खून व लैंगिक गुन्हे वगळता, शिक्षा पूर्ण केलेल्यांना मतदानाचा हक्क परत दिला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून दंड, न्यायालयीन शुल्क आणि भरपाई चुकती केल्याखेरीज शिक्षा पूर्ण होत नाही, असे ठरवले. माझ्या मते हा जनतेच्या कौलाचा अधिक्षेप आहे. गरीब आरोपीने सरकारकडे बचावासाठी वकील मागितला, तर अर्जाचे ५० डॉलर आणि गंभीर गुन्ह्यात दोषी ठरल्यास वकिलाचे किमान १०० डॉलर त्याच्याच नावावर चढतात. रक्कम थकली की वसुली एजन्सी त्यावर ४० टक्क्यांपर्यंत आकार लावू शकते. ज्याच्याकडे पैसे आहेत तो मत देतो, नाही तो ताटकळतो.

प्रतिसाद १

असहमत. दुरुस्तीच्या मजकुरातच ‘शिक्षेच्या सर्व अटी’ असे शब्द आहेत आणि २०१७ मध्ये तिच्या पुरस्कर्त्यांच्या वकिलांनीच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे त्यात दंडही येतो, असे सांगितले होते. ज्याचे घर फोडले गेले, त्याची भरपाई बुडवणाऱ्याने शिक्षा पूर्ण केली, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

मूळ लेखकाचे उत्तर

भरपाईचा आपला मुद्दा मला मान्य आहे. ते पीडिताचे पैसे आहेत. शुल्क मात्र न्यायालयीन कारभार चालवण्यासाठी घेतले जाते, त्याचा गुन्ह्याच्या गांभीर्याशी संबंध नाही. भारतात लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) नुसार तुरुंगात असेपर्यंत, अगदी कच्च्या कैद्यालाही, मत देता येत नाही, जे मला अन्यायाचे वाटते; पण सुटलेल्या माणसाकडे मतदान केंद्रावर कोणी दंडाची पावती मागत नाही.

प्रतिसाद २

२०१९ च्याच कायद्याने न्यायाधीशांना थकबाकी माफ करण्याची किंवा तिच्या बदल्यात समाजसेवा देण्याची मुभा दिली आहे, हे आपण सांगितले नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये संघीय अपील न्यायालयानेही ही अट वैध ठरवली.

मूळ लेखकाचे उत्तर

माफी मागायला आधी बाकी किती आहे हे कळावे लागते, आणि ती एका ठिकाणी पाहता येईल अशी नोंदच राज्याकडे नव्हती, हे त्याच खटल्यात उघड झाले. हिशेब सरकारला मांडता येत नसेल, तर तो मांडण्याची जबाबदारी मतदारावर टाकू नये.