ऑक्टाव्हिया आरएसचं (ऑक्टाव्हियाची जास्त ताकदीची आवृत्ती) बुकिंग लागलंय. स्कोडावर पन्नास लाख घालावेत का? सल्ला हवा

वाळूजकर (१८ ऑक्टोबर २०२५)
मंडळी, धनत्रयोदशीच्या शुभेच्छा. सहा तारखेला आरएसचं बुकिंग उघडलं तेव्हा अडीच लाख भरून ठेवले होते. अख्ख्या भारतात गाड्या फक्त शंभर, त्यामुळे आपल्याला काही मिळत नाही असं धरूनच चाललो होतो. मिळाली. काल किंमत जाहीर झाली: ४९.९९ लाख, एक्स-शोरूम.
आता घरात दोन तट पडलेत. बायकोचं म्हणणं, एवढ्या पैशात बीएमडब्ल्यू नाहीतर ऑडी येते, मग लोकांना "नाही हो, ही वेगळी स्कोडा आहे" हे समजावत का बसायचं? माझं म्हणणं, गाडी मी चालवणार, लोक नाही.
वापर: वाळूजला (संभाजीनगर) पत्र्याचे भाग दाबून बनवायचं छोटं प्रेस शॉप आहे, रोजचं तिथे जाणं-येणं. महिन्यातून एकदा नगरमार्गे पुणे, सणावाराला समृद्धीने नागपूर, सासुरवाडी. मागे वडील बसतात, गुडघे दुखतात. सध्या जुनी ऑक्टाव्हिया १.८ आहे. बजेट ऑन-रोड साठ, त्यावर एक रुपया नाही.
प्रश्न एवढाच: ही गाडी खरोखर प्रीमियमवाल्यांच्या पंगतीत बसते का, की फक्त किंमतच त्यांच्या पंगतीतली आहे?

सहासिलिंडर
अभिनंदन. पण मी स्वतः बीएमडब्ल्यूची एम३४०आय वापरतो, तेव्हा स्पष्ट बोलतो. ३७४ अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद, ४.४ सेकंदात शंभर. सकाळी सोसायटीत स्टार्ट केली की वॉचमन उठून उभा राहतो. आरएस चांगली असेल, पण शेवटी चार सिलिंडर आणि पुढची चाकं ओढणार. अजून पंधरा टाका आणि विषय संपवा.

कशेडीचा_कट्टा
@सहासिलिंडर पंधरा नाही, पंचवीस. एम३४०आय ऑन-रोड कितीला पडते ते तुम्हीच सांगा की. धाग्यात "एक रुपया नाही" हे ठळक केलंय.

सहासिलिंडर
साठ काढू शकणारा पंचाऐंशीही काढू शकतो. ईएमआयचा फरक बघा फक्त.

मृण्मयी_चालते
😂 बँकेत आहात का?
वाळूजकर, बायकोला माझा नमस्कार, पण त्या "एवढ्या पैशात बीएमडब्ल्यू येते" म्हणतात ना, ती नेमकी कोणती येते ते त्यांना दाखवा. नवी २ सिरीज ग्रान कूपे, शेहेचाळीस लाखांच्या आसपास. दीड लिटर, तीन सिलिंडर, १५६ अश्वशक्ती, शंभरला ८.६ सेकंद. आणि तीही पुढच्याच चाकांवर चालते. मर्सिडीजची ए-क्लास लिमोझिन घ्या: १.३ लिटर, १६३ अश्वशक्ती, आणि ते इंजिन रेनोच्या भागीदारीत बनवलेलं. आरएस २६५ पीएस (म्हणजे जवळपास तेवढीच अश्वशक्ती), ३७० न्यूटन मीटर, ६.४ सेकंद. या किमतीला मर्सिडीजचा तारा मिळतो किंवा ताकद मिळते, दोन्ही मिळत नाहीत.
मी ग्रान कूपेची टेस्ट ड्राइव्ह घेतली होती. डॅशबोर्ड देखणा. मागच्या सीटवर माझ्या आईला डोकं वाकवून शिरावं लागलं. वडिलांचे गुडघे दुखतात म्हणताय तर हे पहिले बघा.

सेदानप्रेमी
एक दुरुस्ती. सगळे तिला सेदान गाड्यांशी तोलताहेत, पण ऑक्टाव्हिया सेदान नाहीच. मागची काच डिकीच्या झाकणासकट वर जाते, म्हणजे लिफ्टबॅक. ती ए-क्लास वा ऑडी ए४ च्या रांगेत मुळात धरताच येत नाही.

कशेडीचा_कट्टा
६०० लिटर डिकी आहे, सीट पाडल्या की १५५५. नाव काय द्यायचं ते द्या, गणपतीची मूर्ती बसते.

सेदानप्रेमी
मूर्ती वॅगन-आरमध्येही बसते. मुद्दा वर्गीकरणाचा आहे.

नाना_शेंद्रा
वाळूजकर, आपण गाववाले. मी शेंद्र्याला बरीच वर्षं काढली, म्हणून एक गंमत सांगतो. २००१ मध्ये स्कोडा भारतात आली ती ऑक्टाव्हिया घेऊन, आणि ती जोडली जायची आपल्या शेंद्र्यात. आजही तिथे गाड्या जोडतात, त्यांत ऑडी ए४ सुद्धा. म्हणजे ज्याला तुमच्या सौ. "फॉरेनची" समजतात ती ऑडी तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर तयार होते, आणि ज्याला त्या साधी म्हणतात ती स्कोडा बोटीतून येते. मर्सिडीज चाकणची, बीएमडब्ल्यू चेन्नईची. या यादीत अस्सल आयात ती तुमचीच.
आणि नेमकं तिथेच दुखणं आहे. महाराष्ट्रात इथे जोडलेल्या वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के कर, आयात गाडीला सरसकट २०. पन्नास लाखांवर जवळपास दहा लाख. वर विमा, वर एक टक्का टीसीएस (विक्रीवेळीच घेतला जाणारा आयकर). तुमचा साठचा आकडा तिथेच ओलांडला.

वाळूजकर
नाना, हे डीलरने "बाकी सगळं बघून घेऊ" म्हणून उडवून लावलं होतं. कोटेशन मागवतो.

निवांत
टोयोटा कॅमरी घ्या. हायब्रिड आहे, मागे राजेशाही जागा, वडील दुवा देतील. मी घेतली आणि पेट्रोल पंपाचा रस्ता विसरलो. कामगिरी कामगिरी काय करता, शेवटी सगळे चाकण चौकात एकाच रांगेत उभे.

शांतवीज
आश्चर्य आहे, एवढे प्रतिसाद झाले आणि बीवायडी सील कुणी काढली नाही. परफॉर्मन्स व्हेरिएंट ५३ लाखांच्या घरात, ५३० पीएस, ३.८ सेकंद. वरच्या एम३४०आयवाल्यांनी कृपया सेकंद परत वाचावेत. आयात असली तरी इलेक्ट्रिक, त्यामुळे महाराष्ट्रात मोटार वाहन कर माफ. अटल सेतूवर टोलही माफ झालाय. साध्या कंपनीने प्रीमियमला गाठलं का, हा प्रश्न इलेक्ट्रिकमध्ये कधीच निकाली निघाला.

सहासिलिंडर
आवाज?

शांतवीज
आवाज हवा असेल तर वॉचमनला सांगा, तो काढेल.

कशेडीचा_कट्टा
सेकंदांचं ठीक आहे, पण सरळ रेषेत पळणं आणि घाटात वळणं यात फरक असतो. सव्वादोन टनांच्या जवळची गाडी वळणावर वजन लपवू शकत नाही. आणि वाळूजकरांच्या गावात बीवायडीचं सर्व्हिस सेंटर आहे का ते आधी बघा.

मेलबर्नचा_मन्या
लांबून लिहितोय, पण मूळ प्रश्नाला धरून कुणी बोललंच नाही म्हणून. मी किया स्टिंगर चालवतो, ३.३ लिटर ट्विन टर्बो व्ही६, मागची चाकं ढकलणारी. भारतात ती कधी आलीच नाही. २०१५ मध्ये ह्युंदाई-कियाने बीएमडब्ल्यूच्या एम विभागातून अल्बर्ट बीअरमान यांना आणलं, आणि गाडी चालवताना ते पैसे कुठे गेले हे कळतं. इथे क्वीन्सलंडच्या पोलिसांनी स्टिंगर हायवे गस्तीला घेतल्या. इंग्लंडात पोलीस ऑक्टाव्हिया व्हीआरएस (आरएसचंच तिथलं नाव) वापरतात. गुन्हेगाराच्या मागे लागणारा माणूस बोधचिन्ह बघत नाही, एवढं त्यातून घ्या.
पण दुसरी बाजूही ऐका. स्टिंगर २०२३ मध्ये बंद झाली. वाखाणणारे सगळे होते, चेकवर सही करताना बरेच जण बीएमडब्ल्यू ३ सिरीजकडे वळले. चालवायला बरोबरीची गाडी बनवता येते. तेवढ्याच पैशात ती खपवणं वेगळं काम आहे. माझी विकायला काढली तेव्हा फोन आले ते सगळे विशीतल्या पोरांचे, आणि सगळे उधारीवर.

मृण्मयी_चालते
+१. आणि आरएस शंभरच असल्यामुळे भारतात उलटं होतं. २०१७ ची आणि २०२० ची आरएस अजून लोक शोधत असतात. २०२० ला तर फक्त २०० आल्या होत्या, ३६ लाखांना. म्हणजे विकताना तुम्ही मन्याइतके अडकणार नाही.

नगररोड_पीडित
विकण्याचं नंतर. टायर बघितलेत का? २२५/४० आर१९. चाळीसचं प्रोफाइल म्हणजे रिम आणि खड्डा यांच्यात बोटभर रबर. त्यात गाडी साध्या ऑक्टाव्हियापेक्षा १५ मिलिमीटर खाली. मी अशीच एक गाडी घेतली होती (कंपनी सांगत नाही, धागा तिकडेच वळेल), शिरूरच्या अलीकडे पावसाने झाकलेल्या खड्ड्यात एकाच वेळी दोन साइडवॉल गेल्या. डिकीत स्टेपनी एक. रात्र ढाब्यावर. टायर त्या साइजचा जिल्ह्यात नाही, पुण्याहून मागवला. विम्यात टायर आणि रिमचं वेगळं कवच घ्या, झिरो डेपमध्ये (घसारा न कापणाऱ्या विम्यात) ते आपोआप येत नाही.
आणि दुसरं. इंजिन २.० टीएसआय, त्याचे भाग मिळतील. गिअरबॉक्स ओल्या क्लचचा सात गतींचा डीएसजी (आपोआप गिअर बदलणारा), तोही ठीक. पण पुढचा बंपर, हेडलाइट, ती विशिष्ट चाकं शंभर गाड्यांसाठी कोण साठवून ठेवणार? मागच्या ट्रकने ठोकलं तर गाडी किती आठवडे उभी राहील हे डीलरकडून लेखी घ्या. देणार नाही, पण मागा.

सेदानप्रेमी
मागच्या ट्रकने ठोकलं तर पुढचा बंपर कसा जाईल?

नगररोड_पीडित
समोरच्या ट्रकवर जाऊन. नगर रोडवर या एकदा.

निवांत
कॅमरीला १८ इंची टायर आहेत.

सीए_नसलेला
एक मुद्दा नानांच्या हिशेबातून निसटला. वाळूजकर, गाडी स्वतःच्या नावावर घेणार की कंपनीच्या? कारण महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर नोंदवली तर इथे जोडलेल्या गाडीलाही २० टक्केच लागतात. म्हणजे ऑडीचा १३ टक्क्यांचा फायदा तिथेच संपला आणि तुलना पुन्हा बरोबरीवर आली. घसारा दाखवायचा असेल तर कंपनी, कर वाचवायचा असेल तर स्वतः. तुमच्या सीएकडून दोन्ही आकडे कागदावर घ्या, गाडी त्यानंतर निवडा. इथल्या निम्म्या भांडणाचा निकाल त्या कागदावर लागेल.

नाना_शेंद्रा
बरोबर. मी वैयक्तिक नोंदणी धरली होती.
राहता राहिली ए४. २०४ अश्वशक्ती, ७.१ सेकंद, आरएसपेक्षा फार मागे नाही. आतलं काम घट्ट, दार लावल्याचा आवाजच सांगतो. पण खरं सांगायचं तर ही पिढी भारतात २०१६ पासून आहे. जुन्या सोन्याला नव्या सोन्याचा भाव द्यायचा का, ते तुम्ही ठरवा.

वॉटरपंप_व्हेंडर
मी वाळूजकरांसारखाच पुरवठादार, चाकणला. बिल्ल्याबद्दल सगळे बोलले पण आमच्या धंद्यातली गोष्ट कुणी सांगितली नाही. मी एकदा मेहुण्याची मर्सिडीज घेऊन कस्टमरच्या प्लांटला गेलो. पर्चेसच्या साहेबांनी खिडकीतून बघितलं. पुढच्या रेट निगोशिएशनला पहिलं वाक्य काय, तर "तुमचं बरं चाललंय वाटतं." तीन टक्के तिथेच गेले. तेव्हापासून प्लांटला स्विफ्ट. त्या हिशेबाने स्कोडाचा बाण (बोधचिन्ह) हाच तिचा सगळ्यात मोठा गुण. २६५ पीएस आणि साहेबांना वाटतं जुनीच ऑक्टाव्हिया पॉलिश करून आणली.

वाळूजकर
@वॉटरपंप_व्हेंडर 🙏 हे बायकोला वाचून दाखवलं. पहिल्यांदा हसली.
कोटेशन आलं. विमा धरून त्रेसष्टच्या वर जातंय.

सहासिलिंडर
त्रेसष्ट म्हणजे वापरलेली बीएमडब्ल्यू ३३०एलआय आरामात. २५८ अश्वशक्ती, मागची चाकं, ६.२ सेकंद आणि मागे पाय पसरून बसायला लांब व्हीलबेस. दोन वर्षांची बघा, कंपनीच्या सर्टिफाइड दालनातून, वॉरंटी शिल्लक असलेली. पहिला घसारा दुसऱ्याने सोसलेला.

मृण्मयी_चालते
पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत.

कशेडीचा_कट्टा
मीही. पण बुकिंग सोडू नका हो. हजारो जण रांगेत आहेत. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे हे मान्य, पण तिथपर्यंत पोहोचण्याची मजा आहेच ना.

शांतवीज
१२० पर्यंत सगळ्यात लवकर कोण पोहोचतं ते वर लिहिलंय.

निवांत
आणि सगळ्यात स्वस्तात कोण, तेही.

नगररोड_पीडित
ई२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचं काय? एवढ्या ताणलेल्या इंजिनला?

(इथून पुढचे पेट्रोलवरचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. कृपया इथे विषयाला धरून लिहा. – संपादक)

वाळूजकर (१६ नोव्हेंबर २०२५)
उशिरा कळवतोय, दिवाळीनंतर प्लांटमध्ये घाई होती.
बुकिंग परत घेतलं. मित्राची गोल्फ जीटीआय दिवसभर चालवायला मिळाली, इंजिन आरएसचंच. म्हैसमाळचा रस्ता, मग थोडी समृद्धी. गाडीत खोट काढायला जागा नाही. मूळ प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर: पळण्यात, वळण्यात, ब्रेकमध्ये या किमतीचे प्रीमियमवाले हिच्या मागे आहेत. ३३०एलआयही बघितली. वडील मागे बसले आणि झोपले, म्हणजे पास. ए४ मध्येही झोपले.
पण चालवताना सारखा डावा पाय क्लच शोधत होता. इथे एवढे प्रतिसाद आले, मॅन्युअलचं नाव कुणी काढलं नाही. या सगळ्या गाड्यांत ती मिळतच नाही.
फोक्सवॅगन व्हर्टस जीटी घेतली. १.५ टर्बो, १५० पीएस, सहा गिअर हाताने टाकायचे. चाकणची, स्वतःच्या नावावर, ऑन-रोड वीसच्या आसपास. उरलेल्या पैशात नवीन प्रेसचं बुकिंग केलं.

सहासिलिंडर
शंभरातली एक गाडी सोडून व्हर्टस??

सेदानप्रेमी
निदान सेदान तरी घेतली.

मृण्मयी_चालते
वडिलांचे गुडघे? तीत मागे बसता येतं का त्यांना नीट?

वाळूजकर
ते पुढे बसतात आता. गिअर कधी टाकायचा ते सांगतात.

निवांत
कॅमरीची एक टेस्ट ड्राइव्ह तरी घ्यायला हवी होती.

कशेडीचा_कट्टा
ते जाऊ द्या. सोडलेलं बुकिंग कुठल्या डीलरकडे होतं? व्यनि (खासगी निरोप) केलाय, बघा लगेच.